मंगळवारची बकरी

इंदूबाईनं बोंडातला कापूस तीन बोटांनी ओढला, ओटीत टाकला आणि मान न वळवता शेजारच्या पातीतल्या बिजलीबाईला विचारलं,

"तुले माह्या मामाच्या गावची बकरी माहीत हाय का?"

बिजलीबाईला माहीत नव्हती. माहीत असायचं कारणही नव्हतं. ती बकरी त्याच घटकेला, राळेगावकडच्या त्या वावरात, इंदूबाईच्या जिभेवर जन्माला येत होती.

शेवटची वेचणी चालली होती. चौदा बाया, चौदा पाती. पऱ्हाटी वाळून काटक्या झाली होती, एकेका झाडाला चार-पाच बोंडं, तीही चिमटलेली. थोड्या वेळापूर्वी गावची आशा सेविका साधना धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत, येऊन गेली होती. तिची स्कूटी अशी की गावात आधी धूर यायचा, मग आवाज यायचा, आणि बऱ्याच वेळानं साधना यायची. धुऱ्यावर उभी राहून, रजिस्टर छातीशी धरून, तिनं वाऱ्यावर आवाज चढवून सांगितलं होतं की चौदा वर्षांच्या पोरींना सरकार एक सुई देणार आहे. फुकट आहे, एकदाच घ्यायची आहे. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून.

असलं वाक्य उघड्या वावरात कुणी बोलत नाही. सगळ्या बाया एकदम आपापल्या ओटीत पाहायला लागल्या, कापसात कचरा किती हे आजच बघायचं असल्यासारख्या. साधनानं गावातल्या अकरा पोरींची नावं लिहिली, स्कूटीला चार लाथा मारल्या आणि गेली. मग कुणी बोलेना. इंदूबाईला ऊन चालायचं, थंडी चालायची, मुकी रांग चालायची नाही.

म्हणून बकरी. मामाच्या गावी असाच एक डॉक्टर सुया घेऊन आला होता. पोरगी पळाली, डॉक्टर मागं, पोरगी गोठ्यात शिरली, डॉक्टरचा चष्मा शेणात पडला आणि सुई बसली बकरीला. डॉक्टरनं चष्मा पुसून घातला, बकरीचं नाव कागदावर लिहून घेतलं आणि निघून गेला. त्या दिवसापासून बकरी बदलली. बोकड दिसला की पदर घ्यायची.

"बकरीले कायचा पदर?" बिजलीबाई म्हणाली.

"मामीचं जुनं लुगडं होतं गोठ्यात. तेच घेत जाये."

पिलं झालीच नाहीत तिला कधी. मंगळवारी मात्र न चुकता देवीच्या मंदिरात जायची, पायरीवर बसायची, आणि प्रसाद मिळाल्याशिवाय उठायची नाही.

बिजलीबाई हसली आणि पुढच्या पातीतल्या बाईला सांगायला लागली. वेचणीत असंच चालतं. हात थांबवायचा नाही आणि ओरडायचं नाही, कारण वावरवाला धुऱ्यावर असतो. त्यामुळे गोष्ट एका पातीतून दुसऱ्या पातीत, तिथून तिसऱ्या पातीत, अशी चालत जाते. जी ऐकते ती पदरचं चिमूटभर घालते. चौदाव्या पातीला पोचेस्तोवर गोष्टीला शिंगं फुटलेली असतात. मग दुपारी भाकरीच्या वेळी ती शिंगासकट इंदूबाईकडं परत येते, आणि आपलंच लेकरू मेळ्यात हरवून मोठं होऊन भेटावं तशी इंदूबाई तिला पाहून खुश होते. तेव्हाच सगळ्या मिळून हसतात आणि गोष्ट तिथंच संपते.

त्या दिवशी ती परत आली नाही. शेवटच्या तीन पातींवर कळंबकडच्या बाया होत्या. त्यांच्या टेम्पोवाल्याला काही काम निघालं, म्हणून त्या भाकरीच्या आधीच गेल्या. इंदूबाईच्या ते ध्यानातही आलं नाही.

आठ-दहा दिवसांनी विजयमाला तिच्या दारात येऊन उभी राहिली.

विजयमाला इंदूबाईच्या थोरल्या बहिणीची, नलूची मुलगी. विजयमाला सहा वर्षांची असताना नलू गेली. तेव्हापासून इंदूबाईनंच तिला वाढवलं आणि दूर जाऊ नये म्हणून गावातच दिली. नवरा इंद्रजित कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. एकच मुलगी, निशिगंधा, नववीत. साधनाच्या रजिस्टरात पहिलं नाव तिचंच होतं.

"निशूचं नाव काढाले सांगतलं मी साधनाले," विजयमाला म्हणाली.

इंदूबाईनं कारण विचारलं. विजयमालानं आवाज खाली आणला. कळंबकडच्या एका गावात एका पोरीला ती सुई दिली. पोरगी चांगली होती, सोयरीक झाली होती. सुई दिली आणि तिची पाळीच गेली. डॉक्टरीण म्हणाली आता लेकरू व्हायचं नाही. सोयरीक मोडली. ज्या डॉक्टरनं सुई दिली त्याला म्हणे डोळ्यांनी नीट दिसतही नव्हतं.

इंदूबाई च्, च् करत ऐकत होती. वाईटच वाटलं तिला.

"आता ते पोरगी कोनाशी बोलत नाही," विजयमाला म्हणाली. "मंगळवारी मंदिरात जाते अन् पायरीवर बसून राह्यते."

इंदूबाईचा तोंडाकडं चाललेला हात तिथंच थांबला. सगळं बदललं होतं. खूर गेले होते, शेपूट गेलं होतं, लुगडं गेलं होतं. मंगळवार तेवढा राहिला होता.

"विजू," ती म्हणाली, "ते पोरगी नाही. ते बकरी हाय."

विजयमालानं तिच्याकडं पाहिलं.

"माही बकरी हाय ते. मी वावरात सांगतली होती, बायाईले हसवाले. असं गाव नाही, असा डॉक्टर नाही."

"मावशी, हे थट्टेचं काम नाही," विजयमाला म्हणाली, आणि दाराशी ठेवलेली कळशी उचलून चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी साधना आली. चहा दिला तो तिनं हातात धरून ठेवला, साय येईपर्यंत. अकरा नावांतली नऊ गेली होती. बुधवारी दवाखान्यात सुया येणार होत्या, त्यासाठी वेगळी गाडी लागते, वेगळा डबा लागतो, रोज रोज येत नाहीत. बाकीच्या पोरींना कदाचित पुढच्या खेपेला घेता येईल. निशिगंधाला नाही. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला तिला पंधरा पूर्ण होत होती, आणि पंधरा झाली की या फुकटच्या सुईतून नाव जातं. बाहेर विकत मिळते, पण जिनिंगमधल्या माणसाला ती परवडायची नाही आणि विजयमाला ती घेणारही नाही.

इंदूबाईनं तिला बकरीचं सांगितलं. सगळं, चष्म्यापासून मंगळवारपर्यंत. साधनाचा मात्र चटकन विश्वास बसला, आणि तिनं रागावून काही म्हटलं नाही, त्यानं इंदूबाईला जास्तच लागलं. तिनं फक्त चहाचा कप खाली ठेवला आणि शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगायला लागली. हा रोग एका विषाणूनं होतो. तो नवराबायकोच्या संबंधातून येतो, जवळजवळ सगळ्यांनाच कधी ना कधी येतो, त्यात कुणाच्या चालचलणुकीचा प्रश्न नाही. बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातो. एखादीच्या अंगात राहतो, दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं गुपचूप राहतो, आणि मग गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ धरतो. सुई आधी दिली, लग्नाच्या कितीतरी आधी, तर तो घरातच शिरत नाही. पाळीचा न् त्या सुईचा काही संबंध नाही, लेकराचा तर नाहीच. मोठ्या बायांना सुई नाही, पण तिशीनंतर तपासणी आहे. गाठ व्हायच्या आधीच दिसतं आणि तेव्हा बरं करता येतं.

"अंगावरून पांढरं जाते, ते?" इंदूबाईनं विचारलं. "अन् मधेच लाल?"

"ते दिसलं तं एक दिवस बी थांबू नये, काकू. पन ते दिसाच्या आधीच तपासाचं असते."

इंदूबाईनं कप उचलून आत नेला. बाहेर यायला तिला वेळ लागला.

"तुम्ही सांगतलं तं ऐकतीन बाया," साधना जाताना म्हणाली. "तुमचंच ऐकतात."

ते खरं होतं. गावात इंदूबाईचं सगळे ऐकायचे; मानायचं कुणी नाही. पुढचे दोन दिवस ती घरोघर फिरली. पहिल्या घरी बकरी ऐकून पोटभर हसले आणि आणखी एक सांगा म्हणाले. दुसऱ्या घरी म्हणाले, साधनानं पाठवलं वाटते तुम्हाले. तिसऱ्या घरच्या सासूनं तर तिलाच समजावलं की बाई, एका पोरीची जिंदगी गेली आणि तुम्ही ते बकरीवर ढकलून राह्यल्या, हे बरं नाही. इंदूबाईनं देवाची शपथ घेतली. तिच्या गोष्टीत दर तिसऱ्या वाक्याला देवाची शपथ असायची, त्यामुळे तिचाही उपयोग झाला नाही.

शेवटी ती बिजलीबाईकडं गेली. बिजलीबाई अंगणात झाडू बांधत बसली होती. तिच्या नातीचंही नाव रजिस्टरातून गेलं होतं.

"तू तं सोता ऐकलं," इंदूबाई म्हणाली. "माह्या तोंडून. बकरी होती का पोरगी होती?"

"बकरी होती."

"मंग?"

बिजलीबाईनं सुतळी दातात धरून गाठ मारली. गाठ पक्की झाली का ते पाहिलं.

"मले वाटलं, खरं काई तरी असन, अन् तू ते बकरी करून सांगून राह्यली," ती म्हणाली. "तुही सवय हाय. नलूचं नाही का तू असंच केलं."

बिजलीबाईनं झाडू जमिनीवर दोनदा आपटला, आणि इंदूबाई उठून गेली.

नलूची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. विजयमाला लहान असताना इंदूबाई ती तिला दर वर्षी सांगायची, कापूस घरात आला की. नलू इतकी हलकी होती की पाण्यावर चालली तर पाय ओले व्हायचे नाहीत. एकदा ती कापसाच्या ढिगावर झोपली होती. वावधन सुटलं, सोसाट्याचा वारा. कापूस उडाला आणि कापसासोबत नलूही उडाली, उठलीसुद्धा नाही. राळेगाववरून गेली, वर्धा नदीवरून गेली. तिची ओटी वाटेत सांडत गेली. रस्त्याच्या कडेला कुणी न लावलेलं पऱ्हाटीचं एकटं झाड दिसलं, की समजायचं, नलू इथून गेली. पोरगी प्रवासाला निघाली की एसटीच्या खिडकीला नाक लावून अशी झाडं मोजायची.

मंगळवारी दुपारी विजयमाला अंगणात खाटेवर जुनं धोतर पसरून मुगाच्या वड्या टाकत होती. इंदूबाई खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसली, हात धुतले आणि तीही टाकायला लागली. विजयमालाच्या वड्या एका ओळीत, एका मापाच्या. इंदूबाईची एक सुपारीएवढी, एक लिंबाएवढी.

निशिगंधा शाळेत होती. गल्लीत कुणी नव्हतं.

"तुही माय उडून नाही गेली," इंदूबाई म्हणाली.

विजयमालाचा हात चालत राहिला.

"तिच्या अंगावरून जाये. आधी पांढरं. मंग मधेच लाल, पाळी नसली तरी. तिनं वर्षभर कोनाले सांगतलं नाही. मंग मले सांगतलं." इंदूबाईनं एक वडी टाकली, ती आधीच्या वडीवर पडली. "मी म्हटलं, होते असं बायाईले. आलं घालून काढा पी. असं म्हटलं मी."

विजयमालानं ती चढलेली वडी उचलून बाजूला ठेवली.

"आनखी एक वर्ष गेलं. सासरच्याईनं माह्या इथं आनून टाकलं तिले, तुले अन् तिले. नागपूरले नेली तवा डॉक्टर म्हणे गाठ हाय, लय पुढं गेली. आधी आनाले पाह्यजे होती. कापसाच्या खोलीत ठेवली मी तिले, त्या साली कापूस इकून खोली खाली होती. वास ये. मी कडुनिंबाचा धूर करत जाओ. मार्गशीर्षात गेली."

अंगणात एक चिमणी उतरली, वड्यांकडं पाहून उडाली.

"उचलली तवा कापसाच्या गाठोड्याएवढी बी नव्हती," इंदूबाई म्हणाली. "त्या गोष्टीत तेवढंच खरं हाय."

विजयमालानं पातेल्याच्या कडेनं बोट फिरवून उरलेलं पीठ गोळा केलं. ती काही म्हणेल म्हणून इंदूबाई थांबली. बकरीच्या वेळी हसली असती तरी चाललं असतं. आता तर हसायलाही काही नव्हतं.

"ऊन चाललं, मावशी," विजयमाला म्हणाली. "खाट सरकव तिकडं."

दोघींनी दोन बाजूंनी खाट धरली आणि उन्हात सरकवली.

बुधवारी इंदूबाई सकाळच्या एसटीनं दवाखान्यात गेली. कुणी विचारलं तर सांगायला तिनं गुडघा दुखतो असं ठरवून ठेवलं होतं, पण कुणी विचारलं नाही. ओसरीवर लांब बाक होतं. त्यावर आधी, रजिस्टरात नावं राहिलेल्या दोन पोरी येऊन बसल्या, आयांसोबत. मग बराच वेळ कुणी आलं नाही. साधना दर थोड्या वेळानं फाटकापर्यंत जायची, रस्त्याकडं पाहायची आणि परत यायची.

अकराच्या सुमाराला बिजलीबाई आली, नातीचा हात धरून. इंदूबाईच्या शेजारी बसली आणि पदरानं तोंड पुसलं.

"बकरी असन तं बकरी असन," ती म्हणाली, इंदूबाईकडं न पाहता. "तू दोन दिवस घरोघर हिंडली. गोष्टीसाठी तू एवढी पायपीट करत नाही."

बाराची एसटी येऊन गेली. तिच्यातून कुणी उतरलं नाही. इंदूबाई उठली, नळावर जाऊन पाणी प्यायली, परत येऊन बसली. आत सिस्टर दुसऱ्या पोरीला सांगत होती की बाई, सुई दंडात आहे, तू डोळे कशाला मिटतेस.

साडेबाराला गावातल्या धावजीची ऑटो फाटकाशी थांबली. त्यातून विजयमाला उतरली आणि तिच्यामागं निशिगंधा, शाळेच्या कपड्यात, दोन वेण्या, हातात इंग्रजीचं पुस्तक. दुपारनंतर तिची चाचणी होती म्हणे. विजयमाला सरळ आत गेली. कागदावर सही केली. इंद्रजितची सही तिनं आदल्या रात्रीच घेऊन ठेवली होती.

सुईला मिनिट लागलं नाही. पोरगी दंडावर कापसाचा बोळा धरून बाहेर आली. अर्धा तास बसायचं होतं, चक्कर-बिक्कर येते का पाहायला. ती बाकीच्या पोरींजवळ जाऊन बसली आणि त्या चौघी मिळून कुणाला जास्त दुखलं याचं भांडण करू लागल्या. बिजलीबाईची नात जिंकत होती.

विजयमाला इंदूबाईच्या शेजारी बसली.

"मले माहीत होतं, मावशी," विजयमाला म्हणाली.

"काय?"

"आई कशी गेली ते. सहा वर्षांची होती मी, तान्ही नव्हती."

इंदूबाईनं तिच्याकडं पाहिलं.

"तू वावरात जाये तवा मीच राहो तिच्यापाशी. तिचे फडके मी नाल्यावर नेऊन धुतले, लय खेपा. तिनं सांगतलं होतं, इंदूले सांगू नको, ते रडन."

इंदूबाईला ते फडके आठवले. संध्याकाळी वावरातून येऊन पाहावं तर कधी कधी धुऊन काठीवर वाळत घातलेले असायचे, नीट पिळलेलेही नसायचे. तिला तेव्हा वाटायचं, नलूच उठत असेल. उठता येतं म्हणजे बरी होते आहे, असं तिनं महिनाभर धरून ठेवलं होतं.

"मंग गोष्ट सांग म्हणून दरसाली माह्या मागं काहून लागे तू?" तिनं विचारलं.

"गोष्ट सांगताना तू रडत नव्हती," विजयमाला म्हणाली.

ओसरीवरून एक कंपाउंडर खोकं घेऊन गेला. दोघींनी पाय आत घेतले.

विजयमाला मग तुकड्या-तुकड्यानं बोलली. आई कशानं गेली हे माहीत होतं, पण ते कशामुळे होतं हे माहीत नव्हतं. तिला वाटायचं घराण्यातच आहे, आजीपासून आईला, आईपासून तिला, तिच्यापासून निशूला. आई गेली त्या वयाची ती यंदा झाली होती, आणि दर महिन्याला पाळी आली की चार दिवस ती जीव मुठीत धरून असायची. जे रक्तातच आहे त्याला सुई काय करणार. उलट पोरीला लेकरूही व्हायचं नाही, मग दोन्हीकडून गेली. म्हणून नाव काढलं. काल वड्या झाल्यावर ती साधनाकडं गेली आणि एवढंच विचारलं, की हे आईकडून मुलीकडं येतं का. साधना म्हणाली, येत नाही ताई, विषाणूनं येते. तिनं दोनदा विचारलं. साधनानं दोनदा सांगितलं.

"तू म्हटलं ना काल, होते असं बायाईले, असं सांगतलं तू आईले," विजयमाला म्हणाली. "तेवढं मले माहीत नव्हतं."

इंदूबाईनं मान हलवली. पुढं काय येतं याची वाट पाहत बसली.

आतून सिस्टर दाराशी आली. तिशीच्या वरच्या कुणाला तपासणी करून घ्यायची असेल तर आज डॉक्टर मॅडम आहेत, पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही, असं तिनं ओसरीकडं पाहून सांगितलं. दोन्ही आया एकमेकींकडं पाहायला लागल्या. बिजलीबाई छताकडं पाहायला लागली.

विजयमाला उठली. हातातली पिशवी तिनं इंदूबाईच्या मांडीवर ठेवली.

"माह्या नंतर तू," ती म्हणाली. "नाव देऊन ठेवलं हाय मी तुह्यं."

"मले अठ्ठावन झाले. माह्यं काय आता."

"पासष्टपर्यंत चालते. मी विचारलं."

ती आत गेली. हिरवा पडदा ओढल्याचा आवाज आला, कड्या सळईवरून सरकल्या. इंदूबाई पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली. आतलं काही ऐकू येत नव्हतं. एकदा पाण्याचा आवाज आला, एकदा स्टीलचं काहीतरी ताटलीत ठेवल्याचा. बाहेर धावजी ऑटोत पाय पसरून झोपला होता.

निशिगंधा पुस्तक घेऊन तिच्याजवळ आली आणि बाकावर बसली. दंडावरचा बोळा तिनं काढून पाहिला. रक्ताचा एक ठिपका होता, डाळीएवढा. तिनं तो आजीला दाखवला आणि परत लावला.

"आई कुठं गेली?"

"तपासाले."

"तिले काय झालं?"

"काई नाही झालं. होऊ नये म्हणून तपासतात."

पोरगी पडद्याकडं पाहत राहिली. मग तिनं इंदूबाईच्या हाताकडं पाहिलं. पिशवीचे बंद इंदूबाईनं बोटांभोवती इतके गुंडाळले होते की बोटांची टोकं पांढरी झाली होती.

"आजी, तुले भेव लागून राह्यलं का?"

"हो," इंदूबाई म्हणाली.

आजीचं बोलणं एका शब्दात कधी संपत नसे, म्हणून पोरगी पुढच्याची वाट पाहत थांबली. पडद्याच्या कड्या वाजल्या. आतून सिस्टरनं इंदूबाईचं नाव घेतलं. इंदूबाईनं बोटांवरचे बंद एकेक करून सोडवले, पिशवी पोरीजवळ दिली, चपला काढून बाकाखाली सरकवल्या आणि आत गेली.